सराव अंकातली बातमी

मी मास मीडिया शिकवते. डोंबिवलीत हे सांगितलं की समोरचा आधी विचारतो, "म्हणजे मुलं टीव्हीवर दिसणार का?" आणि मग विचारतो, "तुमचे स्वतःचे फॉलोअर किती?" मुलं टीव्हीवर दिसत नाहीत आणि फॉलोअर म्हणावेत असे माझे दोन भाचेच आहेत. अठरा वर्षं मी वर्गात एकच गोष्ट कानीकपाळी ओरडत आलेय. बातमी हातात आली की आधी विचारा. कोणी सांगितली, त्याला कुठून कळली, ज्याच्याबद्दल आहे त्याला एक फोन केलात का? बाकी सगळं पुस्तकात आहे, ते परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचलं तरी चालतं.

पण ऐकतंय कोण! मागच्या बाकावरून आवाज येतो, "मॅम, फोन कशाला, इन्स्टावर आहे ना सगळं." अरे बाबा, पण टाकलंय कोणी? "पेज आहे मॅम. मोठं पेज आहे." मोठं पेज! पेज मोठं म्हणजे ते खरं बोलणार, हे यांना कोणी सांगितलं? तेही बहुतेक त्या पेजनेच. डोकं उठतं अगदी.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून आम्ही दरवर्षी एक सराव अंक करून घेतो. चार-चार मुलांचा गट, वर्तमानपत्राचं एक पान, पेपरचं नाव काल्पनिक, बातम्याही काल्पनिक. मांडणी मात्र खऱ्यासारखी हवी, असा माझाच आग्रह. "खरं वाटलं पाहिजे, नाहीतर परत करून आणा," असं मी बजावते. पूर्वी हे काम कार्डशीटवर कात्री-डिंकाने चालायचं. ते पान चुकून कोणी रस्त्यात पाहिलं असतं तरी फसलं नसतं. आता मोबाइलवर पाऊण तासात असं पान तयार होतं की खऱ्या पेपरवाल्यांनी लाजावं. खाली 'सराव अंक' लिहिणं सक्तीचं आहे. ते मुलं लिहितात, मुंगीएवढ्या अक्षरात. आणि दरवर्षी एक तरी गट 'सर्व परीक्षा पुढे ढकलल्या' ही बातमी देतोच. त्यांच्या मनातलं सगळं तिथे बाहेर पडतं.

आमच्या स्टाफरूमला शिपाई म्हणून एक मावशी आहेत. ठाकुर्लीहून चालत येतात, आणि चहा असा करतात की प्राचार्यांच्या मीटिंगाही वेळेत संपतात. त्यांची मुलगी वर्षभर आमच्या लायब्ररीत कोपऱ्यातल्या टेबलावर बसून नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होती. मागच्या वर्षी थोडक्यात हुकलेली. वडिलांनी स्पष्ट सांगितलेलं, आता ही शेवटची खेप. नाही झालं तर एमआयडीसीतल्या पॅकिंगच्या कामाला लागायचं. सगळ्या स्टाफला हे ठाऊक होतं. येता-जाता आम्ही तिला विचारायचो, "काय गं, झाला का अभ्यास?" ती लाजून मान डोलवायची.

त्या शुक्रवारी माझा पारा आधीच चढलेला होता. एका मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मेसेज जसाच्या तसा, खालच्या हात जोडलेल्या इमोजीसकट, बातमी म्हणून लिहून आणला होता. त्यावर मी तासभर वर्ग डोक्यावर घेतला आणि घसा बसवून स्टाफरूममध्ये आले. समोर तपासायच्या जर्नलचा ढीग. मावशींनी चहा ठेवला आणि मोबाइल पुढे केला.

"मॅडम, हे जरा बघा ना. उद्या सकाळी हिची परीक्षा आहे आणि हे आलंय, पुढे ढकलली म्हणून. पोरगी म्हणते, वेबसाइटवर तर काहीच नाही."

चष्मा माझ्या डोक्यावर होता. तो खाली ओढायचेही कष्ट मी घेतले नाहीत. धूसर काहीतरी दिसलं. वर मोठा मथळा, खाली रकाने, मध्ये एका इमारतीचा फोटो.

"पेपरात आलंय ना मावशी, मग असेल," मी म्हटलं. "ते वेबसाइटवाले उद्या दुपारी जागे होतील."

दोघीही हसलो. "बरं झालं बाई, तिला अजून चार दिवस मिळाले," असं म्हणत मावशी कप उचलून गेल्या. मी पुढचं जर्नल उघडलं आणि त्यात 'माहितीची खातरजमा' या धड्याखाली लाल पेनाने शेरा मारला.

रविवारी दुपारी मेलवर आलेली सराव अंकाची पानं तपासायला घेतली. आता चष्मा नाकावर होता. तिसऱ्या गटाचं पान उघडलं. वर मोठा मथळा: जिल्ह्यातील उद्याच्या सर्व परीक्षा लांबणीवर. मध्ये इमारतीचा फोटो. सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा माझ्या मनात आलं की मांडणी झकास जमलीय. मग शुक्रवारी मावशींनी पुढे केलेला मोबाइल आठवला.

सोमवारी मावशी आल्या त्या डोळे सुजवूनच. परीक्षा शनिवारी ठरल्याप्रमाणे झाली होती. मुलीला ते कळलं दुपारी, पेपर कसा गेला हे विचारायला मैत्रिणीचा फोन आला तेव्हा. मी परीक्षेच्या हेल्पलाइनवर फोन लावला, भांडले, विनवण्या केल्या, वरच्या साहेबांना फोन द्या म्हटलं. सगळीकडून एकच उत्तर आलं, पुढच्या वर्षी अर्ज करा.

मग मी त्या चौघांना बोलावलं. काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण खालच्या मजल्यावरचा अकाउंटचा तास थांबला होता म्हणे. त्यांच्यातल्या एकीने गंमत म्हणून ते पान स्टेटसला ठेवलेलं. तिथून ते कोणी उचललं, कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेलं, देव जाणे. "मॅम, आम्ही खाली 'सराव अंक' लिहिलेलं, खरंच," ती म्हणाली. "स्टेटसला क्रॉप झालं." दुसरा जरा वेळाने हळूच विचारतो, "मॅम, मार्क कापणार का?" मार्क! एका मुलीचं वर्ष गेलं आणि याला दहातले दोन मार्क सुचतायत. माझा हात उठायचा तेवढा राहिला. "एक फोन केला असता तरी कळलं असतं, हे मी किती वेळा सांगितलंय तुम्हाला?" मी ओरडले. शुक्रवारच्या चहाबद्दल मात्र अर्ध्या तासात चकार शब्द काढला नाही.

चौघांना घेऊन मी तरातरा स्टाफरूममध्ये गेले. मावशी सिंकपाशी कप विसळत होत्या. "चला, माफी मागा," मी म्हटलं. स्टेटस ठेवणारी पोरगी रडायलाच लागली. मावशींनी पदराला हात पुसले आणि तिच्या पाठीवर ठेवला.

"त्यांना कशाला ओरडता मॅडम," त्या म्हणाल्या. आवाज चढवलाही नाही. "त्यांना मी कुठे काय विचारलेलं? मी तुम्हाला विचारलेलं. पोरगी म्हणत होती, आई, मी तरी सेंटरवर जाऊन बघून येते. मीच तिला घरात बसवली. म्हटलं, मॅडम तर हेच शिकवतात, तुला काय त्यांच्यापेक्षा जास्त कळतं?"

चारही मुलं माझ्याकडे बघायला लागली.