काळ्या कापडाखालची दोन बोटं

माझा धंदा बैलांच्या दलालीचा. बैल तरणा आहे असं मालक शपथ घेऊन सांगतो आणि मी बैलाचं तोंड उघडून दात बघतो. आयुष्यभर हेच केलं. भूत, भानामती, अंगात येणं, हे सगळं मी असंच तोंड उघडून बघितलं आणि प्रत्येक वेळी आत काही निघालं नाही. तेव्हा पुढचं वाचून कोणी मला भोळा समजू नये. भोळेपणावर माझं घर चाललं नसतं. आणि घर म्हणजे तरी काय... मी, दोन खोल्या आणि गोठा.

एकोणीसशे सत्तावीस सालची गोष्ट. कार्तिकी पौर्णिमेनंतरचा दिवस. नागपूरहून कॉलेजचे एक प्रोफेसर गोंदियाला उतरले होते. बरोबर दोन टेलिस्कोप, पेट्या आणि घड्याळ सांभाळायला एक मास्तर. सामान न्यायला त्यांना बंडी, म्हणजे बैलगाडी, हवी होती. मी मुद्दाम चढा भाव सांगितला, म्हणजे थोडी घासाघीस होईल. ते पहिल्याच बोलीला "बरं" म्हणाले. इतका राग आला मला त्या माणसाचा! मग विचारलं, कुठे जायचं? म्हणाले, मुर्रीला.

मुर्रीला, माझ्याच गावाला, मी चौदा वर्षं पाऊल टाकलं नव्हतं.

हे आधी सांगायला हवं. बैलांचा सौदा आम्ही शेल्याखाली करतो. वरून कापड, आत दोघांचे हात, आकडा बोटांनी सांगायचा, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. बाकीचे दलाल समोरच्याची बोटं मुठीत धरतात. आमच्या बाबांनी आम्हा दोघा भावांना वेगळं शिकवलं होतं — समोरच्याच्या उघड्या तळव्यावर आपली बोटं टेकवून दाबायची. ती रीत फक्त आमच्या घरातली.

बाबा गेल्यावर वाटणी आली. चार लोकांसमोर भावाभावांनी तोंड वाजवायचं नाही, म्हणून दादा म्हणाला, आपण शेल्याखालीच ठरवू. एक बोट म्हणजे विहिरीची बांधी, विहिरीजवळचं धानाचं शेत, माझ्या वाट्याला. दोन बोटं म्हणजे गोठा आणि धंदा माझ्या वाट्याला. उरेल ते दादाचं. थोरला तो, बोटं तो टेकवणार. मला बांधी हवी होती, हे त्याला माहीत होतं. माझ्या तळव्यावर एक बोट घट्ट दाबलं गेलं. मी हात बाहेर काढून सगळ्यांना सांगितलं, बांधी माझी. दादा शांतपणे म्हणाला, "मी दोन देल्ले."

कापडाखालच्या गोष्टीला साक्षीदार कुठला? मी भर बैठकीत त्याला खोटा म्हणालो. आणखीही बरंच बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. बांधी सोडली, गोठाही सोडला, हातात एक दोर घेऊन निघालो. गोंदियात येऊन शून्यातून धंदा उभा केला. दादा वारला त्या दिवशी मी आमगावच्या बाजारात होतो. निरोप वेळेत मिळाला होता. मी गेलो नाही. त्यालाही आता दीड वर्ष झालं होतं.

तर प्रोफेसरांना मुर्रीच हवी होती. गोंदियात इंजिनांचा धूर, आणि फार लांब जावं तर घड्याळ बिघडण्याची भीती. मास्तरांनी आदल्या दुपारी स्टेशनात तारेवर येणाऱ्या टाइमशी ते लावून घेतलं होतं. गावाबाहेरचं एक खळं त्यांनी आधीच ठरवलं होतं. धूळ उडू नये म्हणून ते पहाटे शेणानं सारवून घेतलं होतं, अजून ओलसर होतं. लवकर पिकणारा हलका धान कापून झाला होता. दोन बांध पलीकडे ती विहीर दिसत होती. मी तिच्याकडे पाठ करून बसलो.

सूर्य वर आल्यावर प्रोफेसरांनी मला बोलावून दाखवलं. टेलिस्कोपच्या मागे पांढरा पुठ्ठा, त्यावर सूर्याचं ताटलीएवढं बिंब, आणि बिंबाच्या कडेला खसखशीच्या दाण्याएवढा काळा ठिपका. म्हणाले, हा बुध. आपण, बुध आणि सूर्य आज एका रेषेत आलोत. शंभर वर्षांत तेरा-चौदा वेळाच हे होतं, त्यातही आपल्याकडे तेव्हा दिवस हवा. मी विचारलं, यातून मिळतं काय? तर म्हणाले, ठिपका कडेला नेमका कधी टेकला ती वेळ. अशा जुन्या वेळा जुळवून पाहिल्या तेव्हा कळलं की बुधाची वाट गणितापेक्षा किंचित पुढे सरकते. ती किंचितशी चूक पुष्कळ वर्षं कोणालाच सुटली नाही, आणि सुटली तेव्हा अख्खं गणित नव्यानं मांडावं लागलं.

ठिपका बिंब ओलांडून दुपारी दोनच्या सुमारास बाहेर पडणार होता. तोवर मी बैलांच्या वशिंडावरची माशी कुठे बसली ते लांबून सांगत होतो, ते त्यांनी ऐकलं असावं. म्हणाले, लहान टेलिस्कोपवर तुम्ही बसा. ठिपका कडेला टेकला की "आता" म्हणा. मी काळी काच लावून मोठ्यावर बसतो. मास्तर दोघांच्या वेळा लिहितील.

मी म्हटलं, "दोघांच्या कायले? एक खरी असन ना."

"तीच तर गंमत आहे," ते म्हणाले. "शेजारी शेजारी बसून दोन माणसं एकच गोष्ट बघतात आणि वेळ वेगळी सांगतात. कित्येक सेकंदांचा फरक पडतो. दोघंही खरं बोलत असतात."

हे मला पटलं नाही. एकच गोष्ट आणि दोन खरी? बाजारात असं बोललो असतो तर लोकांनी मला हाकललं असतं.

पुठ्ठ्यावर उजेड पडू नये म्हणून वरून फोटोवाल्याचं असतं तसं काळं कापड टाकलं होतं. मी त्यात डोकं घातलं. डाव्या हातानं पुठ्ठा धरला. उजवा हात रिकामा होता, आणि कापडाखाली गेला की माझा उजवा हात आपोआप उताणा होतो. पोरवयापासूनची सवय. आत अंधार, ते पिवळसर बिंब आणि तो दाणा. दाणा कडेकडे सरकत होता. बाहेर मास्तर सेकंद मोजत होते. तेवढा एक आवाज, बाकी काही नाही. इतकं एकटं मला मसणातही वाटलं नसतं.

ठिपका आणि कड यांच्यामध्ये केसाएवढा उजेड उरला होता. तेव्हा माझ्या तळव्यावर एक बोट टेकलं. घट्ट. दोर ओढून ओढून घट्टे पडलेलं.

मी ओरडलो. "आता" नाही, "दादा" म्हणून ओरडलो.

हात काढून घ्यायला हवा होता, पण सौदा अर्धवट असताना हात काढत नाहीत. मी तसाच धरून राहिलो. मग त्या बोटाशेजारी दुसरं काहीतरी जाणवलं. माशी बसावी इतकं हलकं, जोर अजिबात नाही, पण होतं. बोटच होतं. एक घट्ट आणि एक हलकं. दोन.

मग दोन्ही गेली.

मी कापड फेकून दिलं. प्रोफेसर सहा-सात पावलांवर, डोळा टेलिस्कोपला लावलेला. त्याच वेळी त्यांच्या तोंडून "आता" निघालं. मास्तरांच्या एका हातात घड्याळ, दुसऱ्यात पेन्सिल. धूळ बसावी म्हणून दुपारी पुन्हा पाणी शिंपडलेल्या खळ्याच्या ओल्या शेणावर आम्हा तिघांचीच पावलं, आणि माझ्या बसण्याजवळ फक्त माझी.

मास्तरांनी माझं ओरडणंच "आता" धरून वेळ लिहिली होती, ती प्रोफेसरांच्या एकोणीस सेकंद आधीची निघाली. मी म्हटलं, ती खोडा, माझी चूक झाली. ते म्हणाले, "खोडायची नसते. तुम्हाला जे जाणवलं ते तेव्हाच जाणवलं ना?"

बंडी तिथेच सोडून मी दादाच्या घरी गेलो. वहिनी अंगणात धान वाळवत होती. मला बघून उठलीही नाही.

"मयतीले नाई आले भाऊजी. आता कायले आले?"

मी बसलो नाही. विचारलं, "वहिनी, दादाच्या मधल्या बोटाले का झालं होतं?"

तिचा हात धानातच थांबला. वाटणीच्या दोन महिने आधी बुजलेल्या बैलाच्या दोरात दादाचं मधलं बोट पिळलं गेलं होतं, एवढं मला ठाऊक होतं. पण ते बरं झालं होतं. पट्टीही सुटली होती.

"तुमाले कोणं सांगतलं?"

"तू सांग."

"थ्या बोटात जीवच नोहता," ती म्हणाली. "इस्तव लावला तरी समजे ना. मले किरिया घातली होती, कोणाले सांगू नोको म्हणून. दलालाच्या बोटात जीव नाई हे बजारात समजलं त हात कोण देईन?"

"मले त सांगाचं होतं."

"तुमाले? तुमीच सगळ्यात आगोदर बजारात बोंबलले असते."

खरं होतं. पुन्हा धान पसरत ती म्हणाली, "त्याइले वाटलं, भाऊ हाय, हलकं लागलं तरी वळखीन."

पुढे चौदा वर्षांचं बोलणं आम्ही काढलं नाही. तिनं पाणी दिलं, मी प्यालो. बांधी तिचीच राहिली, आणि राहायलाच हवी.

नंतर मी पुष्कळ विचार केला. हाताला मुंग्या आल्या असतील. मन खात असेल. जुन्या जागेजवळ बसलं की माणसाला काहीबाही वाटतं. हे सगळं मानतो. पण त्या बोटात जीव नव्हता हे मला माहीत नव्हतं, आणि माझ्या तळव्याला ते वहिनीच्या आधी कळलं. याचं तोंड मला उघडून बघता येत नाही.

प्रोफेसरांनी जाताना सांगितलं होतं, आपल्याकडून दिसेल असा योग पुन्हा चाळीस सालच्या कार्तिकात, सूर्योदयानंतर जेमतेम तासभर. मी ते वर्ष लक्षात ठेवलं. त्या सकाळी एकटाच मुर्रीला गेलो. माझ्याकडे टेलिस्कोप नव्हता, ठिपका दिसणार नव्हताच. खळ्यावर बसलो, उजव्या हातावर शेला टाकला आणि तळवा उताणा ठेवला. सूर्य विहिरीच्या वर आला, झाडाच्या वर आला. हाताला मुंग्या आल्या, तेवढंच.

मी अजून बाजारात जातो. शेल्याखाली हात देतो. पण कोणी एक बोट दाबलं की मी थांबतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, "एकच ना? का दोन हायेत?"

लोक हसतात. म्हणतात, म्हाताऱ्याची अक्कल गेली, कापडाखालचं तोंडानं सांगते. हसू देत.