झोळीच्या मापाची जीप

बाळांनो,

मागच्या रविवारी थोरल्याने फोनवर विचारलं, की आजोबांनी जीप किती इंच उंच केली होती आणि पार्ट कुठले घातले होते. तू तिकडे एक जुनी जीप घेतली आहेस, ती उंच करायची आहे आणि तुझ्यापुढे कॅटलॉग पडले आहेत, असं म्हणालास. धाकटीने मागून विचारलं, "आजोबांना पण हाच नाद होता का?" मी "तीन इंच" एवढंच सांगितलं आणि तिकडच्या थंडीचं विचारलं.

उत्तर बरोबर होतं, पण अपुरं होतं. शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवताना मी अपुऱ्या उत्तरांचे मार्क कापत आले. आता आजोबा नाहीत, जीप उंच करणारा मिस्त्रीही नाही. पूर्ण उत्तर देऊ शकेल अशी मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते. आधी एक दुरुस्ती: ते पार्ट आजोबांनी निवडले नव्हते. मी निवडले होते.

तुमचे आजोबा शहापूरला डॉक्टर होते हे तुम्हाला माहीत आहे. लष्कराच्या लिलावातली जीप त्यांनी घेतली ती डोळखांबच्या बाजूच्या पाड्यांवर जायला. तुमचे बाबा तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर होते, म्हणजे नव्वदनंतरची चार-पाच वर्षं उलटली असतील. श्रावणात एका पाड्यावरून निरोप आला, की एक बाई दोन दिवस अडली आहे. आजोबा गेले, तिला जीपमध्ये घेतलं आणि निघाले. पाड्याखालच्या ओढ्यात, दोन चाकोऱ्यांच्या मधोमध एक दगड होता. जीपचं पोट त्यावर टेकलं. सगळे उतरले, पण तोवर मागची चाकं गोट्यांत खड्डा करून बसली होती. बाईला काठावर उतरवून ठेवलं. ती तिथेच गेली. मूलही गेलं.

दुसऱ्या दिवशी बैलजोड्या लावून जीप काढली आणि मुरबाडचा मिस्त्री ती आपल्या गॅरेजमध्ये घेऊन गेला. आजोबा एसटीने घरी आले. मोरीत हात धुताना म्हणाले, "तीन इंच असते तर निघाली असती." या विषयावर ते माझ्याशी एवढंच बोलले. नंतर दवाखाना रोज वेळेवर उघडत होता. पेशंट तपासत, जेवत, पेपर वाचत. पाड्यांवर मात्र जाईनात. मुरबाडला जीप पडून होती, तिच्याबद्दल विचारीनात. घरात कुणी रडलं नाही, भांडलं नाही. मीही शाळेत जात होते, वह्या तपासत होते. आज आठवायला गेलं तर त्या दिवसांतलं मला काही वाटलेलं आठवत नाही. केलेलं तेवढं आठवतं.

पंधरा दिवसांनी त्या बाईचा धाकटा दीर दवाखान्यात आला. खोकल्याचं औषध घेतलं आणि तरी उभा राहिला. मग म्हणाला, "डाक्तर, माज्या घरवालीचं नवरात्रात हाय. पहिलंच हाय. तुमी याल ना?"

आजोबा पुढचा केसपेपर लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी डबा द्यायला आले होते, दारात उभी होते. मी म्हटलं, "येतील."

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "तुमी सांगताव, बाय?"

"हो," मी म्हटलं. मला काहीच माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा असे. ती सुटली की मी किन्हवलीमार्गे मुरबाडची एसटी पकडू लागले. जीपसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक मी वाचून काढलं होतं आणि त्यातल्या आकृत्या वहीत उतरवल्या होत्या. मिस्त्री पन्नाशीचा होता. त्याच्या पोरी आमच्याच शाळेत शिकलेल्या, म्हणून मला बाईच म्हणे.

"तीन इंच वर घ्यायची आहे," मी म्हटलं.

"काय वर घ्यायची?"

"जीप."

"बाई, जीपमंदी लय वस्तू हायत," तो म्हणाला. मला वाकायला लावून त्याने मागच्या चाकांमधला लोखंडी गोळा दाखवला. "पाटं बदलून ह्यो वर येत नाय. ह्यो चाकासंगती राहतो. मोठे टायर घातले तर येल. पाट्यांनी पोट वर येतं. दगडावर काय टेकलं व्हतं?"

"पोट."

"मंग पाटं."

चाकांजवळ लोखंडी पट्ट्यांची चळत असते, तिला इथे पाटे म्हणतात. गाडीचा भार त्यांच्यावर असतो. पाट्यांची कमान जितकी जास्त तितकी गाडी उंच. ती वाढवायचे चार मार्ग त्याने सांगितले आणि मी वहीत लिहिले. पाट्याच्या टोकाची कडी लांब करायची; स्वस्त, पण स्टेअरिंग भटकतं. जुन्याच पाट्यांना लोहाराकडून कमान चढवायची. एका पावसाळ्यात परत बसतात. चळतीत एक जाड पाटा वाढवायचा. गाडी बसत नाही, पण दणके देते. किंवा दुसऱ्या मोठ्या गाडीचे लांब, मऊ पाटे मिळवून बसवायचे. सुखाचं, पण माणसं भरली की खाली येतात.

"पुस्तकात चार इंचांपर्यंत चालतं असं लिहिलं आहे," मी म्हटलं.

"पुस्तकवाल्याला सांगा, एकदा डोळखांबला येऊन जा." मग म्हणाला, "चार करा नायतर पाच करा, मी बनवून देतो. उंट बनवतो. पन वर चडनार कोन, त्ये बगितलं का?"

ते मी बघितलं नव्हतं.

म्हणून पुढच्या रविवारी मी पाड्यावर गेले. एसटी जिथे थांबते तिथून त्या दिराबरोबर चालत. सोबत परसातली वेळूची काठी आणि शाळेची फूटपट्टी. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. त्याने चाकोरीत काठी उभी धरली, मी दगडाच्या माथ्याशी बोट ठेवलं, त्याने कोयत्याने खाच पाडली. ही खालची खाच.

वर पाड्यात मी त्याला म्हटलं, की आता झोळी बांधून दाखव. आजारी माणसाला तिकडून झोळीतूनच आणत. जाड बांबूला गोधडी बांधायची, माणूस तिच्यात आणि बांबू दोघांच्या खांद्यावर. जीपचं मागचं फळकूट पाडलं की पुढचा माणूस बांबूसकट वाकून आत शिरे आणि झोळी सरकत जीपच्या तळाच्या फळीवर येई. आजारी माणसाला उचलावं लागत नसे. फळी झोळीच्या तळापेक्षा उंच झाली, तर मात्र ते जमणार नव्हतं.

त्यांनी झोळीत भाताचं अर्धं पोतं घातलं. तो आणि त्याचा भाऊ खांद्यावर घेऊन उभे राहिले. हा भाऊ म्हणजे गेलेल्या बाईचा नवरा. मी झोळीखाली काठी धरून दुसरी खाच पाडायला बसले. कोयत्याची मला सवय नव्हती, वेळ लागत होता.

"खाली ठेवा जरा," मी म्हटलं. "मी माप धरून ठेवलं आहे."

दोघेही हसले. धाकटा म्हणाला, "झोळी वाटंत टेकवत नाय, बाय."

"पोतंच तर आहे त्यात."

"पोतं आसंल. बांधली ना झोळी? मंग घराला नायतर गाडीलाच उतरायची. वाटंत इसाव्याला टेकवतात ती तिरडी."

त्यावर थोरला भाऊ पहिल्यांदा बोलला. "त्या दिशी टेकवली व्हती," तो म्हणाला.

मी खाच पुरी केली. ते पोतं तसंच खांद्यावरून घरात घेऊन गेले. धाकट्याच्या बायकोने मला गुळाचा चहा दिला. सतरा-अठरा वर्षांची असेल. काठी हातात घेऊन तिने दोन्ही खाचा पाहिल्या. "मी या दोगांच्या मदी बसायची का?" तिने विचारलं आणि तोंडावर पदर घेऊन हसली.

मुरबाडला मिस्त्रीने काठी जीपला लावून पाहिली. काठीचा अर्थ त्याला माझ्याआधी कळला. दगडावरून जाताना माणसं आत असतात, म्हणून पोट मोजायचं ते भरलेल्या गाडीचं. झोळी चढवताना गाडी रिकामी असते, म्हणून फळी मोजायची ती रिकाम्या गाडीची. तीन इंचांवर फळी वरच्या खाचेच्या जेमतेम खाली राहत होती. त्यापुढे झोळी टेकवावी लागणार होती.

"त्या दिशी किती मानसं व्हती?" त्याने विचारलं.

मला माहीत होतं. पेशंट, सासू, नवरा, दीर, मावशी, सुईण आणि आजोबा. सात. पाड्यावरून येताना आजोबा कुणाला नको म्हणत नसत.

शेजारच्या गिरणीतून त्याने भाताची पोती आणवली. अजून जुनेच पाटे होते. रिकाम्या जीपचं पोट खालच्या खाचेच्या चांगलं वर होतं. पेशंट, सुईण आणि आजोबा अशा तिघांच्या वजनाची पोती भरली, तरी बोटभर फट उरली. सातांची भरली तेव्हा पोट खाचेच्या खाली गेलं.

मी काठी तशीच धरून उभी होते. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "बोटभर फटीवर कोनी बाईमानूस नेत नाय, बाई. उंच तर करायलाच पायजे." तो माणूस समजूतदार होता.

आता निवड दोनच गोष्टींत होती. जाड पाटा वाढवला, तर सात माणसं बसूनही पोट वर राहणार होतं आणि घरी कुणाला काही सांगावं लागणार नव्हतं. मऊ पाट्यांना तिघेच चालणार होते, सात बसले की केलेलं सगळं फुकट. म्हणजे ओढ्याशी बाकीच्यांना उतरवा, असं आजोबांना सांगावं लागणार होतं. सांगितलं की त्याचं कारणही आलंच.

जाड पाटा घातलेली एक जीप गॅरेजमध्ये आलेली होती. मी मिस्त्रीला म्हटलं, मला मागे फळीवर आडवी झोपवून सरळगावपर्यंत ने. त्याने दोनदा नको म्हटलं, मग नेलं. तेव्हाचा तो रस्ता म्हणजे खड्डेच होते. सरळगावला मी उठून बसले तेव्हा जीभ चावली गेली होती आणि कमरेतून कळ येत होती. मला दिवस गेलेले नव्हते, कळाही नव्हत्या.

"मऊ," मी म्हटलं.

तर थोरल्या, तुझी यादी ही अशी. एका मोडीत निघालेल्या लांब गाडीचे पाटे, त्यातली एकेक पट्टी कमी करून. मागच्या कड्या अर्धा इंच लांब, त्याहून जास्त नाही. चारही शॉकअप लांब, कारण जुने पूर्ण ताणले जाऊन तुटले असते. ब्रेकचे रबरी पाइप लांब. हे लोक विसरतात, तू विसरू नकोस. नवे यू-बोल्ट, नवे बुश. टायर तेच. हे सगळं मी एका कागदावर नीट लिहून आजोबांच्या टेबलावर ठेवलं. शेवटची ओळ माणसांची लिहायची होती: ओढ्यात तिघेच. ती मी दोनदा कच्ची लिहिली आणि पक्क्या कागदावर उतरवली नाही.

मिस्त्री जीप घेऊन आला. आजोबांनी कागद वाचला, बाहेर जाऊन गाडीखाली वाकून पाहिलं, पाटे हाताने चाचपले. "ठीक आहे," म्हणाले. मला वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, निघताना सांगू.

नवरात्रात सकाळी दहाला निरोप आला, तेव्हा मी शाळेत होते. घरी आले तर जीप जागेवर नव्हती. मी स्वयंपाक केला आणि झाकून ठेवला. दिवेलागणीला ते आले. "मुलगी झाली. दोघी सरकारी दवाखान्यात आहेत, बऱ्या आहेत," म्हणाले. "चहा टाक." मी चहा टाकला. आनंद व्हायला हवा होता. तो होईल म्हणून मी काही दिवस वाट पाहिली, मग शाळेच्या परीक्षा आल्या.

दिवाळीआधी तो दीर नाचणीचं पीठ घेऊन घरी आला. पायरीवर बसून त्याने सगळं सांगितलं. झोळी कशी अलगद फळीवर गेली, टेकवावी लागली नाही.

"पन डाक्तरांनी वड्याला सगल्यांना उतरवलं, बाय. माजी आय भांडाया लागली, मी म्हातारी पान्यातून कशी जाऊ? त्यांनी हात धरून सोता पार नेली. एकटी सुईन ठेवली गाडीत."

"काही म्हणाले का?"

"म्हनाले, मागल्या येळंला मी सात बसवले."

मी त्याला चहा दिला. पीठ डब्यात भरून त्याची पिशवी धुऊन परत केली. आजोबांना त्याबद्दल मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पुढे पंधरा वर्षं आम्ही एका घरात राहिलो. ते पुन्हा पाड्यांवर जायला लागले, त्या ओढ्यातून कितीदा गेले. दोन हजारनंतर तिथे लहान पूल बांधला, तेव्हा तो दगड फोडला. पुढे जीपच्या चेसीला गंज लागला आणि ती मोडीत गेली. ते पाटेही तिच्याबरोबर गेले.

दोन खाचांची काठी स्वयंपाकघराच्या दाराआड आहे. मी तिने वरच्या फळीवरचे डबे पुढे ओढते.