तीन नंबरचा दिवा

रूपराव एकवीस वर्षं सिंदीच्या एका कापसाच्या जिनात वायरमन होता. १९८३च्या हंगामात तिथल्या ऑफिसाच्या भिंतीवर आगीची सूचना देणारी पेटी बसली आणि त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. पेटीवर सहा दिवे, कारखान्याच्या एकेका भागाचा एकेक. त्या त्या छताला पांढऱ्या वाट्या लावलेल्या. वाटीत धूर शिरला की तिचा दिवा लागायचा आणि भोंगा ओरडायचा.

तीन नंबरचा दिवा रेच्यांच्या शेडचा, जिथे त्या यंत्रांत रुई सरकीपासून सुटते. तो रोज दुपारी दोनला लागायचा. आग कुठेच नसायची. पहिल्या आठवड्यात सगळे बाहेर पळाले; महिन्याभरानं कोणी मानही वर करेना.

"शनिवारपर्यंत गप करा त्याले," मॅनेजर पुंडलिकराव म्हणाले, "नाई तं मी त्या वाटीची तारच कापतो."

"मंग शेड आंधळी होते, साहेब."

"आता काय डोळस आहे? रोज दोन वाजता सपनं पाहून राह्यली."

रूपरावानं पेटीचं दार उघडलं. प्रत्येक दिव्यामागे नखाएवढी कळ होती. वर असली तर भोंगा लगेच; खाली केली तर अर्धा मिनिट थांबून, तेही धूर तसाच राहिला तर. कळ खाली केली की शनिवार निभत होता. बोट कळीवर ठेवून तो उभा राहिला. अर्धा मिनिट म्हणजे नेमकं किती?

विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत त्यानं घमेलंभर मोकळी रुई ठेवली, काडी लावली आणि आकडे मोजू लागला. पाचाला जाळ अख्ख्या घमेल्यावरून फिरून आला होता. पुढचे आकडे त्यानं मोजले नाहीत. कळ वरच राहिली.

दुसऱ्या दिवशी तो शिडीवर चढून वाटीशेजारी बसला. दोनला जेवायची सुट्टी झाली. अंगावरची रुई झटकल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही, ही तिथल्या बायकांची रीत. वाटीखाली वाऱ्याची झुळूक यायची. सगळ्या तिथेच पदर झटकू लागल्या. धूळ रूपरावाच्या नाकात गेली, वाटीतही गेली. भोंगा ओरडला.

"मनकर्णाबाई, हा भोंगा तुमीच वाजवून राह्यल्या."

रेच्यात कापूस घालणाऱ्या बायकांत मनकर्णाबाई सगळ्यात जुनी. "मी? अन् तू काऊन वर बसला, माकडावानी?"

त्यानं सगळं सांगितलं. तिनं मान वर करून वाटीकडे पाहिलं.

"म्हणजे इले आमची धूळ अन् धूर सारखाच? नाकच नाई म्हण बिचारीले." बायका हसल्या. "आमी बाहेर झटकू. पण उद्या गप राह्यली, तं शहाणी झाली का मेली, तुले कसं समजन?"

रूपरावानं वाटी उतरवून ब्रशनं साफ केली आणि पुन्हा बसवली.

शनिवारी दोनला पुंडलिकराव हातात पकड घेऊन पेटीसमोर उभे राहिले. बायका अंगणात, उन्हात पदर झटकत होत्या. सव्वादोन झाले. दिवा लागला नाही.

"जमलं तुमाले."

"अजून नाई, साहेब."

तीनला रेचे पुन्हा धडधडत असताना त्यानं विहिरीजवळ सुतळी पेटवली, विझवली आणि तिचा धूर डालड्याच्या डब्यात कोंडला. कोणाला काही न सांगता तो शिडी चढला आणि वाटीखाली झाकण उघडलं.

भोंगा ओरडला. ही काही दोनची वेळ नव्हती. मनकर्णाबाईनं हातातला कापूस तिथेच टाकला. रेचे थांबले, माणसं दाराकडे धावली. कोणी कोणाला काही विचारलं नाही. वरून रूपरावाला रिकामी शेड दिसली, आणि दाराबाहेर, बायकांच्या गर्दीत, धापा टाकणारे पुंडलिकराव.

"कुठं लागली?"

रूपरावानं रिकामा डबा उलटा करून दाखवला. पुंडलिकरावांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग वाटीकडे, आणि पकड खिशात घातली.