ईश्वराचा कागद

माझ्या वडिलांच्या बोटांना खळीचा वास होता. सीपरी बाजारातल्या लहानशा दुकानात ते पुस्तकं बांधत. झाशीतल्या आम्हा मराठी घरांचे जीर्ण धर्मग्रंथ त्यांच्याच हातून नवा पुठ्ठा लेऊन परत जात. ग्रंथ ते दोन्ही हातांनी उचलत, पण त्यातला देव त्यांनी कधी मानला नाही. हे त्यांनी लपवलं नाही, मिरवलंही नाही.

मी बारा वर्षांची असताना ते आमच्या वॉर्डातून पालिकेचे सभासद म्हणून निवडून आले. शपथविधीला मी आईजवळ मागच्या बाकावर बसले होते. वाळ्याच्या ओल्या पडद्यांतून मातकट गारवा झिरपत होता. कायद्याने सभासदाला दोन वाटा दिल्या आहेत: ईश्वराची शपथ घ्यावी, किंवा सत्यनिष्ठेने प्रतिज्ञान करावं. कागद वाटायचं काम त्या दिवशी आमच्याच समाजातल्या एका वजनदार सभासदाकडे होतं. मी त्यांना काका म्हणत असे. वडिलांनी प्रतिज्ञानाचा कागद मागितला.

“जितने छपे थे, बाँट दिए,” काका म्हणाले, आणि मग मराठीत, घरच्या सलगीने, “काय हो, ग्रंथ शिवून पोट भरता, आणि देवाचं नाव घ्यायला जीभ जड होते?”

“पढ़ लो भैया, भगवान काटता नहीं!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि सभागृह हसलं.

वडिलांनी हाती दिलेल्या ईश्वराच्या कागदाची घडी घातली, तिच्या कडेवरून नख फिरवलं, ती टेबलावर ठेवली आणि ते बाहेर पडले. शपथ नाही म्हणून जागा गेली. पोटनिवडणुकीत ती काकांच्या पुतण्याला मिळाली. हळूहळू ग्रंथही दुकानात येईनासे झाले. भांड्यातली खळ न वापरताच आंबू लागली. त्या आंबट वासात मी वाढले आणि तो मी उरात जपून ठेवला, जशा इतर मुली अत्तर जपतात.

पुढे मी पालिकेच्या त्याच कार्यालयात लिपिक झाले. शपथविधीचे कागद लावणं माझ्याकडे आलं: प्रत्येक सभासदासाठी एक शिवलेली संचिका, तिच्यात दोन्ही नमुने. बरीच वर्षं मी त्या चोख लावल्या. मग, मधल्या दोन पराभवांनंतर, म्हातारे झालेले काका पुन्हा निवडून आले.

शिवणीतलं एखादं पान माग न ठेवता कसं काढावं, हे वडिलांनीच मला शिकवलं होतं. दोरा सैल करायचा, पान निसटू द्यायचं, पुन्हा त्याच भोकांतून दोरा ओवायचा. काकांच्या संचिकेतून मी ईश्वराचा कागद काढला. उरलेल्या प्रती कपाटात ठेवून कुलूप घातलं.

त्यांनी तांब्याच्या गडूतून गंगाजल आणलं होतं. गडू उजव्या हातात धरून त्यांनी डाव्या हाताने संचिका उघडली. पान उलटलं. पुन्हा उलटलं.

“बिटिया, ईश्वरवाला काग़ज़?”

“जितने छपे थे, लगा दिए, काकाजी.”

त्यांनी मान वर केली. आपलंच वाक्य त्यांनी ओळखलं. पाणी गडूच्या काठावरून त्यांच्या मनगटावर सांडलं. मला घाई नव्हती. व्यासपीठावरचे अधिकारी नवखे होते, त्यांना मात्र होती: “जो सामने है वही पढ़िए, जी. दस्तख़त उसी पर होंगे.”

काकांनी दाराकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. मग गडू खाली ठेवला आणि ओल्या हाताने कागद धरून, अडखळत, सत्यनिष्ठेने प्रतिज्ञान वाचलं. माझ्या वडिलांनी सभागृह सोडलं होतं. यांनी देव सोडला.

संध्याकाळी मी प्रेम नगरला घरी परतले, तेव्हा माझ्या पिशवीत तो काढून घेतलेला ईश्वराचा कागद होता. थकलेले वडील खाटेवर टेकून माझीच वाट पाहत होते. ती बातमी त्यांच्या हातावर प्रसादासारखी ठेवायची, असं वाटेत मी ठरवलं होतं. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी विचारलं,

“काय गं, दोन्ही कागद होते ना? सगळ्यांना?”

प्रत्येक शपथविधीनंतर ते हेच विचारत.

“होते, बाबा.”

“मग झालं,” ते म्हणाले आणि त्यांनी समाधानाने डोळे मिटले.

काकांबद्दल मला आजही खंत नाही. त्यांच्या मनगटावरून ओघळलेलं ते पाणी आठवलं की अजून गार वाटतं. पण तो कागद दाखवावा असा जगात एकच माणूस होता, आणि त्याच्याचपासून मला तो जन्मभर लपवावा लागला.