मंडेच्या आईची जागा

आर्डेलिया आत्याला टॅलमेज घराण्याच्या साऱ्या पिढ्या तोंडपाठ होत्या. भाताची खाचरं कोणी वाढवली, युद्धात गोळी कोणाला लागली, कोणती सून चार्ल्सटनहून पियानो घेऊन आली, सगळं. टॅलमेज हॉल या त्यांच्या वाड्याचं संग्रहालय झाल्यापासून ती पाहुण्यांना खोल्या दाखवायची. त्याआधी उमेदीची सगळी वर्षं तिने त्याच खोल्यांतले पडदे इस्त्री केले होते. पाहुण्यांत एखादा जरा डोकं असलेला निघाला तर विचारायचा, "आणि तुमचं घराणं?" आत्या मागच्या खिडकीकडे हात करायची. "ओकच्या झाडांपलीकडे. हे भात ज्यांनी पिकवलं ते सगळे तिकडेच आहेत."

टॅलमेजांची संगमरवरी थडगी समोर होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशी. आमचे लोक आधी त्यांचे गुलाम, मग नोकर; त्यांना दगड कधी मिळाला नाही. माणसाने शेवटच्या दिवसांत वापरलेली वस्तू आम्ही त्याच्या कबरीवर ठेवतो, तीही फोडून. फोडली की साखळी तुटते, त्याच्या मागोमाग घरातलं दुसरं कोणी जात नाही. कोणाचा आरसा, कोणाचं घड्याळ, कोणाची बशी, आणि भोवती शंख. कबर ओळखायची ती त्यावरूनच. त्या वस्तूंना हात लावायचा नाही, हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं.

आत्याचा एकुलता एक मुलगा तिथे होता. सोमवारी जन्मला म्हणून घरात त्याला मंडे म्हणायचे. नीट पळायला लागायच्या आत डांग्या खोकल्याने गेला. त्याच्या कबरीवर गळा फोडलेली दुधाची बाटली होती आणि चेपलेला पत्र्याचा पेला. दर रविवारी चर्च सुटलं की आत्या तिथे जाऊन बसायची आणि शेजारच्या मोकळ्या जागेवरून हात फिरवायची. "ही माझी," मला म्हणायची. "त्याला आई फार थोडी मिळाली गं. उरलेली इथे द्यायचीय." तिने आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. नाव इझिकिएल, पण तिच्यासाठी झीक. चर्चचा कारभार पाहणारे डीकन आणि संग्रहालयाचे माळी. माणूस सरळ, कष्टाळू, पण चारचौघांत हसू होईल याची त्यांना फार धास्ती. एकदा एका पाहुण्याने आमच्या कबरींचा फोटो काढता काढता बायकोला विचारलं, "कचरा इथे टाकतात वाटतं?" बाबा शेजारीच गवत कापत होते. ते वाक्य त्यांच्या जे जिव्हारी लागलं, ते निघालंच नाही.

त्या वसंतात आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती सव्हाना शहरात माझ्याकडे राहिली. इकडे वाड्याचा मोठा वर्धापनदिन आला. बाबांना कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, निदान दुसऱ्याला शिव्या घालता आल्या असत्या. त्यांनी आपणहून ढकलगाडी घेतली, सगळ्या वस्तू उचलल्या आणि ओहोटीच्या वेळी खाडीत नेऊन टाकल्या. जमीन सारखी केली, हिरवळ लावली आणि पांढरे रंगवलेले क्रूस ओळीत ठोकले. दोरी लावून, एकदम सरळ ओळीत.

आत्या परतली त्या रविवारी मीच तिचा हात धरून तिला तिथे नेलं. बाबा पुढे, नवीन टोपी घालून. आत्या पाहतच राहिली.

"झीक, माझं लेकरू कुठंय?"

"ताई, बघ ना, किती छान दिसतंय आता. त्या टॅलमेजांच्या तोंडात मारेल असं केलंय."

"छान दिसतंय का ते विचारलं नाही मी. मंडे कुठंय?"

बाबांनी एका क्रुसाकडे बोट केलं. मग त्याच्या पलीकडच्याकडे. मग ते बोट तसंच हवेत राहिलं. वडिलांचा इतका राग मला कधी आला नव्हता आणि त्यांची इतकी कीवही कधी आली नव्हती.

आत्या ओरडली नाही. तिने बाबांशी बोलणंच टाकलं. बाबा रोज ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरायचे आणि सापडेल ते धुऊन तिच्या ओसरीवर ठेवायचे. एकदा तशीच फुटक्या गळ्याची दुधाची बाटली मिळाली. आत्याने ती हातात फिरवली आणि मला सांगितलं, "त्याला सांग, असली बाटली घरोघरी होती."

संग्रहालयाच्या मिस कार्व्हर, चांगली पोरगी, डोळे पुसतच आल्या. म्हणाल्या, जमिनीखालचं दाखवणारं एक यंत्र असतं, ते आणू.

"ते नावं सांगतं?" आत्याने विचारलं.

"नाही. खड्डे कुठे आहेत तेवढं सांगतं."

"खड्डे मला ठाऊक आहेत, बाई. राहू दे."

हिवाळ्यात तिने अंथरूण धरलं. घासभर लाल भातही जाईना. मग एका सकाळी तिने बाबांना बोलावलं. ते दारातच उभे राहिले.

"आत ये की. डीकन झालास म्हणून दारात सत्कार करू का?"

बाबा खाटेशी गुडघ्यावर बसले. "ताई, चुकलो गं मी."

"चुकलासच. आता ऐक. मला आपल्या कबरस्तानाच्या फाटकात पुरायचं."

"फाटकात? लोक तुझ्यावरून चालत जातील!"

"जाऊ देत. मेलेल्यांना विचारल्याशिवाय आपलं कोणी आत पाऊल टाकत नाही. म्हणजे आल्यागेल्याला फाटकाशी थांबायलाच लागतं. मी तिथे बसते. तो कुठल्या कोपऱ्यात आहे ते मला नाही सापडलं, पण आई कुठे आहे ते त्याला सापडेल."

 बाबा तिचा हात कपाळाला लावून रडले फक्त.

तिला आम्ही फाटकातच पुरलं. रिवाजाप्रमाणे माझी तान्ही मुलगी शवपेटीवरून या हातातून त्या हातात दिली, म्हणजे आत्या तिला धरायला मागे यायची नाही. मग तिचा चहाचा कप आला. बाबांनी तो दुसऱ्या कोणाला फोडू दिला नाही. दगडावर पहिल्यांदा आपटला तेव्हा नुसता टवका उडाला. दुसऱ्यांदा फुटला. तुकडे त्यांनी एकेक करून मातीत रोवले.

लोक पांगल्यावर त्यांना आत जाऊन फावडं आणायचं होतं. त्यांनी टोपी काढली.

"ताई," ते म्हणाले, "आत येऊ का?"

आणि पुढे पाऊल न टाकता तिथेच उभे राहिले. अंधारायला लागलं तसं मी मुलीला घेऊन गाडीत जाऊन बसले.