राहीने भरवलेला नवा भात

किन्हवलीपलीकडच्या पाड्यात राहीच्या दारातून कोणी उपाशीपोटी गेलं, असं कधी झालं नाही. नको नको म्हणणाऱ्याच्या ताटातही ती हात आखडता न घेता वाढायची, आणि संपेपर्यंत समोरून हलायची नाही. अशा बाईच्या नवऱ्याने, नामाने, नाकातल्या नळीतून जेवावं, हे तिला आतून जाळत होतं.

२००४च्या श्रावणात नामाच्या मेंदूत रक्तस्राव झाला. महिन्याभराने घरी आला तो उजवं अंग लुळं आणि वाचा बंद होऊन. दर तीन तासांनी सून सोनाली डाळीचं पाणी, दूध, घोटलेलं अंडं गाळून नळीतून सोडायची. शहापूरहून व्यायामवाल्या नम्रताबाई येत. नामाच्या हाताला पट्ट्या चिकटवून करंटचं मशीन कसं लावायचं, ते त्यांनी सोनालीला शिकवलं होतं. करंट आला की बोटं आपोआप मिटायची. सकस अन्न आणि ही हालचाल, दोन्ही नसलं तर अंगावरचं मांस झडून जाईल, असं त्या सांगत. आणि निघताना दर वेळी बजावत, की गिळणं तपासल्याशिवाय तोंडाने थेंबही द्यायचा नाही. अन्न छातीत जातं, आणि अशा माणसाला कधीकधी ठसकाही लागत नाही. राहीने यातला ठसका तेवढा लक्षात ठेवला.

दिवाळीच्या सुमाराला नवा भात घरात आला. पहिला घास घरातल्या थोरल्याने खायचा, मग बाकीच्यांनी, ही रीत. वाशिंदच्या कंपनीत कामाला जाणारा मुलगा रविंद्र म्हणाला, नव्या तांदळाची पेज नळीतून घालू, म्हणजे झालं. राही फणकारली.

"नळीला चव कळते का रे? आपल्या घरात असं कोणी खाल्लं नाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन लावून सोनाली पाण्याला गेली. नामाची बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. राही बघत राहिली. मशीनचं काम तिला माहीत होतं, पण ती बोटं तिला घास कालवताना दिसली. तिने नवा भात दुधात मऊ कुस्करला, देवापुढे धरला आणि नामाच्या जिभेवर ठेवला. कंठ वर गेला, खाली आला. ती श्वास रोखून थांबली. ठसका नाही. मग तिने आणखी चार घास भरवले, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर रडली.

संध्याकाळी नामाला नवा भात भरवल्याचं सांगत तिने सगळ्यांची ताटं मांडली. रविंद्र चरकला, पण आईचा उजळलेला चेहरा बघून त्याने एवढंच विचारलं, ठसका लागला का. ती मानेनेच नाही म्हणाली. सगळे जेवायला बसले.

दोन घास झाले असतील, तोच खाटेवरून ओली घरघर ऐकू आली. राही उठली. कपाळाला हात लावला तर चटका बसला. मशीन केव्हाच बंद होतं, बोटं उघडी पडली होती. हलत होती ती फक्त छाती, भराभर, आणि आत पेज शिजल्यासारखं खदखदत होतं. नम्रताबाईंचं उरलेलं बोलणं तिला आता आठवलं.

रविंद्र ताटावरून उठून गाडी बघायला धावला. त्याच्या पाठीमागे ती म्हणाली, "ठसका नव्हता लागला रे."