बाबांच्या मोबाईलचं कुलूप

आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच आहे, त्यामुळे घरातली मोठी नुकसानं सहसा माझ्याच हातून होतात.

बाबांना लिहिता येत नव्हतं. मुलचेऱ्याच्या अलीकडे आमचं गाव, गावाला मोठा तलाव, आणि तलावात डोंगा, म्हणजे लहान होडी, घालून मासे धरणं हा बाबांचा धंदा. कुठे जाळं लावलं, कुठे फाटलं, कोणत्या दिवशी मासेमारांच्या सोसायटीची बैठक, हे सगळं ते मोबाईलमधल्या आवाज भरायच्या ॲपमध्ये बोलून ठेवायचे. आम्ही वही वापरतो, तसं. फरक एवढाच की वहीत शिव्या येत नाहीत.

मागच्या वर्षी बाबा गेले. मोबाईल राहिला, आणि त्यात एकेचाळीस वेळा बोललेले बाबा राहिले.

आई रोज सकाळी चुलीपुढे बसून त्यातला एक आवाज लावायची. ऐकायची नाही, भांडायची!

"पिपराच्या झाडापाशी जाळं लावलं हाये," बाबा सांगायचे. "उद्या लवकर काढाचं हाये."

"मंग मले काऊन नाई सांगतलं तवा?" आई फुंकणी आपटायची. "मी दिवसभर वाट पाहून राह्यली ना!"

एकेचाळिसावा संपला की पुन्हा पहिला. भांडणं तीच, पण आईची उत्तरं दर फेरीत सुधारत गेली. माझ्या अंदाजाने तिसऱ्या फेरीपासून ती सरळ जिंकत होती.

मग मोबाईल म्हातारा झाला. मध्येच बंद पडायचा, पडद्याचा एक कोपरा बोटाला दादच द्यायचा नाही. आई घाबरली. "पोरी, याच्यातला बाबाचा आवाज तुया मोबाईलमंधी टाकून दे. हा मेला त मी कोणाशी बोलू?"

मी म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे." (माझ्या आयुष्यातली सगळी लांबलेली कामं याच वाक्याने सुरू झाली आहेत.)

ते ॲप जुनाट होतं. आवाज बाहेर पाठवायचं बटणच त्यात नव्हतं. लॅपटॉपला मोबाईल जोडला, तर बाबांनी काढलेले फोटो दिसले (नऊ मासे, दोन अंगठे), पण आवाज कुठेच नाहीत. ॲपने ते मोबाईलच्या आतल्या कप्प्यात ठेवले होते, जिथे मालकालाही जाता येत नाही. म्हणजे घर आपलं, पण कंपनी आपल्याला ओसरीतच बसवते. आतल्या खोलीत जायचं तर मोबाईल रूट करावा लागतो, म्हणजे सगळ्या खोल्यांचा अधिकार आपल्याकडे घ्यावा लागतो, आणि त्याआधी कंपनीने घातलेलं कुलूप उघडावं लागतं.

एखाद्या शहाण्या माणसाने दुकानात विचारलं असतं. मीही गेले होते! चंद्रपूरला बसने गेले, मोबाईलच्या दुकानासमोर पाऊण तास उभी राहिले, आणि दुकानदाराने "काय पाहिजे मॅडम?" म्हटल्यावर एक गुलाबी कव्हर घेऊन परत आले. ते बाबांच्या मोबाईलला बसतही नव्हतं. अनोळखी माणसाशी बोलायची वेळ आली की माझं असंच होतं. शाळेत मला इंग्रजी शिकवलं, तोंड उघडायचं राहून गेलं.

मग मी व्हिडिओ पाहिले. व्हिडिओतल्या माणसाशी बोलावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. तीन दिवसांत मला सगळं समजलं, असं मला वाटलं.

रविवारी सकाळी मी ओसरीत लॅपटॉप मांडला. बातमी आधीच फुटली होती. बाबांसोबत वीस वर्षं डोंग्यात बसलेले नामदेवकाका येऊन खाटेवर बसले.

"काय करून राह्यली वो पोरगी?"

"मोबाईलचं कुलूप खोलते म्हणते," आई म्हणाली. "इंग्लिसमंधी शिकली हाये ना."

आमच्याकडे नवा डोंगा पाण्यात सोडायच्या आधी त्याला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात. आईने कधी ताट आणलं मला कळलंच नाही. मी वायर शोधत होते, तेवढ्यात तिने मोबाईलला पाचही बोटांनी कुंकू लावलं. ते नेमकं चार्जिंगच्या भोकात गेलं! पुढचा अर्धा तास मी काडीने कुंकू कोरत होते आणि नामदेवकाका मार्गदर्शन करत होते.

"हळू, हळू. मरळीच्या तोंडातून गळ काढते ना, तसं."

"काका, मी कधी गळ काढला नाही."

"मंग तुया बापानं तुले शिकवलं काय?"

"इंग्रजी," मी म्हणाले.

अखेर वायर बसली. मी व्हिडिओप्रमाणे एकेक पायरी करत गेले, आणि मोबाईलच्या काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक सूचना आली. कुलूप उघडल्यास या मोबाईलमधली सर्व खासगी माहिती पुसली जाईल. हो की नाही?

"काय लिवलं हाये?" आईने विचारलं. तिच्या हातात उदबत्ती होती.

मी ती सूचना दोनदा वाचली. माझं तर्कशास्त्र असं होतं: फोटो मी काढून घेतले आहेत, म्हणजे पुसायचं ते पुसो. आवाज तर आतल्या खोलीत आहेत, जिथे मलाच जाता येत नाही, तिथे पुसणारा कसा जाईल? शंका आली नाही असं नाही. पण दोघं माझ्याकडे पाहत होती, आणि दोन माणसांसमोर "थांबा, मला समजलं नाही" म्हणणं माझ्याने कधी झालेलं नाही.

"काही नाही," मी म्हणाले. "सुरू करू का, विचारतंय."

"मंग कर ना वो! विचारून काऊन राह्यलं?" आई म्हणाली.

मी 'हो' दाबलं.

मोबाईल बंद झाला, चालू झाला, आणि छान रंगीत पडदा आला. स्वागत आहे! आपली भाषा निवडा.

"अरे वा!" नामदेवकाकांनी मांडीवर थाप मारली. "एकदम नवा कोरा झाला ना! बाई, पोरगी हुशार निंगाली!"

आईने मोबाईलला उदबत्ती ओवाळली. "लाव आता तेचा आवाज."

"अजून थोडं बाकी आहे," मी म्हणाले.

काहीच बाकी नव्हतं. पण ते तोंडाने सांगण्यापेक्षा पुढचं काम करणं मला सोपं वाटलं. मी दोन तास खपून तो मोबाईल खरोखर रूट केला. पहिल्याच प्रयत्नात! अधिकार सांभाळणारं ॲप बसवलं. त्याने अदबीने विचारलं, आतल्या कप्प्यात जायची परवानगी द्यायची का? दिली. आतली खोली उघडली. झाडून घेतल्यासारखी स्वच्छ होती.

"आई, बाबांचा आवाज गेला," मी म्हणाले. "मी पुसला. मोबाईलने आधी सांगितलं होतं."

नामदेवकाका खाली पाहू लागले. आईने मोबाईल हातात घेतला. मग तिने अगदी हळू विचारलं, "तो चालू करून तुया मोबाईल बाजूले ठेवला असता, त नसता का भरला आवाज तेच्यात?"

भरला असता. एकेचाळीसच्या एकेचाळीस. एवढी साधी युक्ती एकाही व्हिडिओत नव्हती!

नामदेवकाकांना राहवलं नाही. ते घसा खाकरून, डोळे मिटून, बाबांसारखं बोलू लागले, "पिपराच्या झाडापाशी जाळं लावलं हाये..."

"राहू द्या भाऊ," आई म्हणाली. "बकरी बोलून राह्यली असं वाट्टे." आणि ती हसली, मग पदर तोंडाशी धरून तशीच बसून राहिली.

आता सकाळी चूल पेटते, पण भांडण होत नाही. परवा चहा गाळता गाळता आईने विचारलं, "तो मोबाईल पूरा खुलला ना पण?"

"खुलला."

"कुठीबी जाता येते तेच्यात?"

"हो."

"मंग पाहात जा ना मधून मधून. एखांदा असन कुठी पडलेला."

एकही नाही, हे मला माहीत आहे. ते सांगायला पुन्हा तोंड उघडावं लागेल, म्हणून मी रोज पाहते. प्रत्येक कप्प्यापाशी मोबाईल परवानगी मागतो, मी देते. आणि 'हो' दाबण्यात अख्ख्या तालुक्यात माझा हात धरणारं कोणी नाही!